नाताळचा सिनेमा

अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये तो डोअरकीपर होता. दर रविवारी तीनच्या खेळाला बॅटरीचा उजेड नेमक्या एका खुर्चीवर पाडून तो म्हणायचा, "बसा मास्तर, इथं ढेकूण नाई." अकोटची एस.टी. गाठायची म्हणून मी शेवटाआधीच उठायचो.

एका डिसेंबरात घोडे आणि बंदुकांचा इंग्रजी सिनेमा लागला. तो म्हणाला, "हा नाताळचा पिक्चर हाये."

"अरे, यात वीस मुडदे पडतात!"

"पडू द्या ना बाप्पा! आखरीले पोरगा नाताळच्या दिवशी मायजवळ पोचते. तुमी तं आधीच पळता."

नाताळच्या दुपारी त्याने म्हाताऱ्या आईला आणून माझ्या शेजारी बसवलं. सिनेमा पाहणं पाप, असं ती आयुष्यभर मानत आली होती. तिने मला विचारलं, "मास्तर, हा येशूच्या सणाचाच हाये ना?"

तो माझ्याकडे पाहत होता. वाद जिंकायच्या हौसेने मी म्हणालो, "छे हो, नुसती मारामारी." शेवट आपण पाहिलेला नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ती पदर सावरत उठली. तो तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तोच सिनेमा होता. मी तोंड चुकवून भलत्याच रांगेत शिरलो, पण उजेड माझ्या जुन्या खुर्चीवर जाऊन थांबला. "तिकडं ढेकणं हायेत, मास्तर."

त्या दिवशी मी एस.टी. जाऊ दिली. पडद्यावर म्हातारीने पोरासाठी दार उघडलं, तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.