मामाजींच्या दगडातलं निकेल

मला पाहायला आले तेव्हा सासरच्या मंडळींपैकी कोणीही मला स्वयंपाक येतो का, असं विचारलं नाही. आई बिचारी आदल्या दिवसापासून माझ्याकडून उत्तरं घोकून घेत होती. हिंगणघाटच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे बसले, पोहे झाले, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी मला विचारलं, "बी.एस्सी.ले विषय कोणता होता?"

"रसायनशास्त्र."

"मंग दगडात निकेल हाये का नाई, हे तुले पाह्यता येते?"

वडील माझ्याकडे पाहायला लागले, मी आईकडे. येतं, म्हटलं. मुलगा पुलगावला नोकरीला होता. तो खाली मान घालून पोहे खात होता, त्याला बापाचा स्वभाव ठाऊक असणार. सासरे खुशीत उठले आणि म्हणाले, "मले पसंत हाये." पसंत कोण, मी की माझं रसायनशास्त्र, हे विचारायची सोय नव्हती.

लग्न होऊन तळेगावला आले तेव्हा उलगडा झाला. तरुणपणी एकदा दिवेलागणीला वावरातून परतताना मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आभाळातून एक जळता गोळा खाली येताना पाहिला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी कपाशीच्या पऱ्हाटीतून एक दगड उचलून आणला. कवठाएवढा, काळा, हातात घेतला की मनगट खाली जावं इतका जड, आणि लोहचुंबक चिकटणारा. गावात कोणीही विश्वास ठेवला नाही. एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात तर त्यांचं नावच 'आभाळे' पडलं. "या आभाळे, आज काय पडलं?" असं विचारल्याशिवाय तिथं त्यांना चहा मिळत नसे. चाळीस वर्षं हे चाललं होतं! घरातही दगडाला फार मान नव्हता. मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोच दगड दाराला लावत, आणि मामाजी तो उचलून पुन्हा कोनाड्यात ठेवत.

पुढे कुठल्याशा मासिकात मामाजींनी वाचलं की आभाळातून पडलेल्या लोखंडात निकेल असतंच असतं, आणि इथल्या साध्या दगडात किंवा लोखंडात ते सापडत नाही. झालं! तेव्हापासून त्यांना निकेल शोधणारं माणूस हवं होतं, ते त्यांनी सून म्हणून घरी आणलं.

मी कॉलेजातल्या सरांकडून सामान मागून आणलं. दोन प्रकारचं तेजाब, अमोनिया, आणि निकेल दिसलं की गुलाबी होणारं एक औषध. त्याचं लांबलचक नाव मामाजींनी तीन दिवस पाठ करून पाहिलं आणि नाद सोडला. परीक्षानळ्याही दोन होत्या. एक एस.टी.त फुटली, दुसरी स्टोव्हवर तडकली. मग चिनी मातीचा कप मागितला, तर आत्याबाई कडाडल्या, "तेजाब? माह्या कपात? तुह्या मायनं वाट्या देल्या ना ढीगभर!"

दिल्या होत्याच. स्टीलच्या, नव्याकोऱ्या, माझं नाव कोरलेल्या. स्टीलला काय होतंय, म्हटलं मी. न गंजणारं, न डागाळणारं. त्या काळी आम्हा बायकांचा स्टीलवर देवाइतका विश्वास होता, आणि पदवी घेतली म्हणून मी काही बाई व्हायची राहिले नव्हते.

मामाजींनी स्वतः कानस घेऊन दगड घासला. तो चुरा वाटीत टाकून मी तेजाबात तापवला, थंड केला, लिंबूसत घातलं, अमोनिया घातला. आत्याबाई नाकाला पदर लावून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मग औषधाचे चार थेंब सोडले, आणि वाटीत कुंकू कालवल्यासारखा गुलाबी रंग उतरला.

"सूनबाई, हेच का?"

"हेच, मामाजी."

मामाजींनी वाटी उचलून उजेडात धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही इतका आनंद झाला, की तसा पास झाल्यावरही झाला नव्हता. मग त्यांनी धुतलेली टोपी मागितली आणि तडक स्टँड गाठलं.

पुढचे आठ दिवस काय थाट! हॉटेलवाला आता त्यांना खुर्ची द्यायचा म्हणे. 'आभाळे' म्हणणारे 'काकाजी' म्हणू लागले. माझाही भाव वधारला होता. पाणी भरायला गेले की बाया वाट द्यायच्या. घराघरातले काळे दगड बाहेर निघाले होते, आणि बाजाराच्या दिवशी सगळे तपासायला आणतो म्हणून लोकांनी निरोप पाठवले होते.

आत्याबाईंना मात्र हे पटत नव्हतं. एके दुपारी त्यांनी फुटक्या तव्याचा तुकडा माझ्यापुढे टाकला. "हेबी पाह्य वं."

मी हसत हसत त्याच वाटीत तपासून पाहिलं. गुलाबी!

"बाप्पा!" आत्याबाई म्हणाल्या. "म्हणजे माहा तवाबी आभाळातून पडला म्हण की!"

मी हसायची थांबले. रिकामी वाटी घेतली, त्यात नुसतं तेजाब तापवलं, बाकीचं सगळं घातलं. पुन्हा गुलाबी. वाटी आतून काळवंडली होती, ते मी इतके दिवस स्टोव्हची काजळी समजत होते. अगं बावळट, स्टीलमध्ये निकेल असतं, हे तू परीक्षेत लिहून आली होतीस! असा राग आला स्वतःचा, की वाटी अंगणात भिरकावली.

मग डोकं चालायला लागलं. खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली गरम पाण्यात उभी करून पुन्हा तपासलं. पन्नास पैशाचं नाणं घासून टाकलं तर गुलाबी आलं. त्या नाण्यात निकेल असतंच, तेव्हा आता परीक्षा बरोबर होती. मामाजींच्या दगडाचा चुरा टाकला. पिवळट गढूळ पाणी. तीनदा केलं, तीनदा तेच.

संध्याकाळी मी मामाजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "पक्कं?"

"पक्कं. चूक माझी आहे, मामाजी. मीच सांगते लोकांना, वाटीनं घात केला म्हणून."

"तू घरीच राह्य. मी पाह्यतो." त्यांनी टोपी घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर शेजारीण मला पाहून हसत सुटली. "तुह्या सासऱ्यानं मस्त गंडवलं वं सगळ्यायले! सून पहिल्या दिवसापासून नाईच म्हणत होती म्हणे, त्यायनंच गुलाबी झालं म्हणून ठोकून देलं. अन् ते आभाळातलंबी सारं ठोकलेलंच होतं म्हणे. तू मात्र खरी. सासऱ्यालेबी भ्याली नाईस."

मी भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आले. मामाजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"मामाजी, तुम्ही तो गोळा खरंच पाहिला होता ना?"

"पाह्यला ना. ह्या डोळ्यानं पाह्यला. दगड दुसराच उचलला असंन मी."

"मग ठोकून दिलं म्हणून काऊन सांगितलं?"

"मले आभाळे म्हणून घ्याची सवय हाये," ते म्हणाले. "तुह्यं नाव आता कुठं होऊन राह्यलं. इथं जलम काढाचा हाये तुले."

मला रडू आवरेना. बाजाराच्या दिवशी हॉटेलात जाऊन सगळं खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. गेले नाही. पुढे गावच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हाही लोक तेच म्हणाले, ही बाई सासऱ्यासाठीसुद्धा खोटं बोलली नाही. मामाजी 'आभाळे' म्हणूनच गेले. माझ्या माहितीत तरी ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले. गावानं नेमकं तेवढंच खरं मानलं, आणि मी गप्प बसले.