मोटारीची मान

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी बैल पाळला नाही, पण मोटारीवर माया केली ती बैलावर करावी तशी. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, आणि चढ लागला की "चल गं बाई" म्हणून गोंजारणं. नाशकात आमचं भांड्यांचं दुकान होतं. बाजाराच्या गावांना माल न्यायला त्यांनी लोहाराकडून दोन चाकांचा ट्रेलर करवून घेतला होता. तो मोटारीच्या मागे आकड्याला अडकवायचा. आई त्याला शेपूट म्हणायची.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण उरकून मी तान्ह्या मुलाला घेऊन मालेगावला सासरी निघाले होते; आईवडील मला मोटारीनं पोचवायला येत होते. सासरचं जातं भंगलं होतं, म्हणून आईनं नवं घेऊन दिलं. शिवाय पाळणा, हंडे, डिंकाच्या लाडवांचे डबे. वडिलांनी जात्याचे दोन्ही दगड ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला ठेवले. "पुढे ठेवले तर बिचारीच्या मानेवर ओझं येईल," म्हणाले. आम्हा मायलेकींना हसू आलं, पण त्यांच्या मायेपुढे कोण बोलणार?

पिंपळगाव सोडल्यावर उतार लागला आणि शेपूट वळवळू लागलं. आधी थोडं, मग असं की मोटारीचं बूडच डावी-उजवीकडे फेकलं जाऊ लागलं. वडिलांनी ब्रेक दाबला, तर ते जास्तच उधळलं. मी बाळाला छातीशी आवळलं. शेवटी त्यांनी पाय काढला, चाक सरळ धरलं, आणि हळूहळू गाडी थांबली. इतकी मी नंतर कधी घाबरले नाही.

वडील सांधा तपासायला उतरले. आकडा सोडताच ट्रेलरचा दांडा उसळून वर गेला आणि मागचं टोक धाडकन जमिनीवर आपटलं.

आई निफाडकडची, शेतकऱ्याची लेक. रागावली की माहेरची बोली बाहेर यायची. "अवो, गाडी उलाळ झाली हे! बूड लय जड, दांडा वर. मान हलकी कराया गेलात आन् गळा आवळलात तिचा."

"मोटार आहे ही. तुझ्या बापाची बैलगाडी नव्हे."

"मंग पुढं घाट हे. मी न् माझा नातू मागून येऊ, बापाच्या बैलगाडीतून." आणि माझ्याकडून बाळ घेऊन ती खुशाल मैलाच्या दगडावर जाऊन बसली.

वडिलांचा हट्ट म्हणजे सुंभ जळला तरी पीळ न जाणारा. मी मनात देवाचा धावा करत होते. ते बाळाकडे बघत राहिले. मग कोट काढून माझ्या हातात दिला, जात्याचे दगड उचलून ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे आणले आणि दोरानं करकचून बांधले. आईनं दांडा उचलून पाहिला. "आता बरं. बैलाला कळलं पायजे, मागं कुणी हे म्हून."

चांदवडच्या पुढचा घाट आम्ही खालच्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी उतरलो. शेपूट गरीब गाईसारखं मागून येत होतं. बाळ झोपलेलंच होतं.

सासरी पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासरे वडिलांना म्हणाले, "व्याहीबुवा, हात कसबी हं तुमचा! नातवाची झोपसुद्धा मोडली नाही."

स्तुती वडिलांना फार आवडायची. मिशीवरून हात फिरवून गप्प बसले असते तरी कुणाला काही कळलं नसतं.

"गाडी मी हाकली," ते म्हणाले. "पण नातू तुमच्या दारात आणला तो हिनं."

चारचौघांत आईकडे असं बोट दाखवताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. असे आईबाप मिळाले म्हणून मी देवाला अजून हात जोडते. आईनं पदर पुढे ओढला आणि बाळाचं टोपडं सारखं करत बसली. ते मुळात सरळच होतं.