ओल्या गोधड्या आणि वर्कशॉपचं नेट

आमच्या घरचं नेट बंद पाडायला काही तोडावं लागत नाही, मी मदतीला लागले तरी पुरतं.

आम्ही अर्धापूरला राहतो. आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लोखंडी कपाटं बनवायचं वर्कशॉप घराच्या मागं, अंगण ओलांडून आहे. त्या पत्र्याच्या शेडमधे मोबाइलला रेंज नाही आणि घरचं नेटही पोचत नव्हतं. म्हणून नेटवाल्यानं एक पांढरा डबा घराच्या खिडकीत आणि दुसरा समोर वर्कशॉपच्या खिडकीत बसवला. जाताना मला म्हणाला, "मावशी, ह्ये दोघं एकमेकाला दिसले पाह्यजेत. मधी काई येऊ देऊ नका."

मी मान हलवली. (परक्या माणसापुढं मला तेवढंच जमतं.) डब्यांना डोळे कुठून आले ते कळलं नाही, पण मधे कुणाला येऊ द्यायचं नाही, एवढं पाठ केलं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या शिवानीची नोकरीसाठी मुलाखत निघाली. कंपनी पुण्याची, बोलायचं कॉम्प्युटरवर. शिकून पोरगी कधीची घरी बसली होती. नेमका त्याच दिवशी मी दसरा काढलेला. नवरात्राआधी घरातली झाडून सगळी पांघरुणं धुवायची, हे आमच्याकडं चुकत नाही. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून शिवानी वर्कशॉपमधे बसली. मालकांनी मशिनी बंद ठेवल्या.

मी अंगणात राखणीला. जावेला हाकललं, कोंबड्या हाकलल्या. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत मधूनच निघाल्या.

"आत्या, तिकडून जावा. नेट तुटंल."

"माझ्या अंगणात मलाच वळसा घालाय लावून राहिलीस व्हय?"

मग मला युक्ती सुचली. लिंबापासून खांबापर्यंत दोरी बांधली आणि ओल्या गोधड्यांची आडवी भिंतच उभी केली. आता कोण मधे येतंय बघू, म्हणून दोरीच्या टोकाला उभी राहिले.

शिवानी खिडकीतून हात हलवायला लागली. मला वाटलं, शाबासकी देती. मीही हलवला. ती अजून जोरात हलवायला लागली, म्हणून मी राहिलेली सतरंजीपण टाकली.

शेवटी ती पळतच बाहेर आली. "आई, नेट गेलं की. ह्या गोधड्या कुणी टाकल्या?"

"मीच. मधी कुणी येऊ न्हाई म्हणून."

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, मग ह्या गोधड्या कुठं हायेत?"

त्या काढेपर्यंत कंपनीवाल्यांनी पुढच्या पोरीला बोलवलं होतं. नोकरी गेली. शिवानी गुमान माझ्यासोबत राहिलेल्या चादरी पिळू लागली. चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता तिची मुलाखत असली की घरचे मला कंधारला, माहेरी धाडतात. मीही जाते. काय झालं, हे विचारायला तिथून फोनसुद्धा करत नाही. एवढ्या लांबून मी मधे आले तर?