यादीतलं नाव

शिनोलीच्या सोनीबाईनं १९९६च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसाठी एका अधिकाऱ्याची जीप अडवली होती. तिच्याबरोबर पंधरा बायका होत्या, पण नाव विचारल्यावर तिनं एकटीनंच खणखणीत आवाजात सांगितलं. टँकर आला आणि तिच्या लेखी तो विषय मिटला.

आठ वर्षांनी पुण्यात परदेशी मंत्र्यांची मोठी परिषद भरली. एक दिवस ते पाहुणे शिनोलीवरून भीमाशंकरला जाणार होते. परिषदेविरुद्ध पुण्यात मोर्चे निघत होते, घातपाताची धमकी आल्याचंही लोक बोलत होते. पोलिसांची कुत्री आठवडाभर पुलाखाली हुंगत फिरत होती.

नेमकी त्याच दिवशी सोनीबाईच्या वैजयंतीला बघायला कळंबची मंडळी यायची होती. नवरा वारल्यापासून सगळं तीच बघायची. पोह्यांसाठी कांदा चिरत असताना दारात पोलिसांची गाडी थांबली.

"मावशी, चला. गाड्या जाईस्तोवर ठाण्यात बसायचं," हवालदार म्हणाला.

"का? म्या काय केलं?"

"आंदोलकांच्या यादीत नाव हाय तुमचं. वरून आदेश हाय."

"आवं, आज माझ्याकडं पावणं यायचंत!"

"आमच्याकडं बी पावणंच हायेत, मावशी."

शेजारच्या कुशाबाईवर घर सोपवून ती गाडीत बसली. नऊपासून चारपर्यंत बाकड्यावर होती. चार वाजता साहेब म्हणाले, "जा घरी. निदर्शनांच्या भीतीनं त्यांचा दौरा सकाळीच रद्द झाला."

"सकाळीच? मंग मला कशापायी बसवून ठिवलं?"

साहेब फोनवर बोलायला लागले.

घरी आली तर पोहे तसेच. मुलीची आई कुठंय, असं पाहुण्यांनी विचारलं होतं. कुशाबाईला खोटं बोलता आलं नाही. चहा पिऊन मंडळी उठली. कळवतो म्हणाली, पण कळवलं नाही. वैजयंती आईवर रागावली नाही, त्याचंच सोनीबाईला जास्त लागलं.

नाव काढावं म्हणून ती अर्ज घेऊन चार खेपा ठाण्यात गेली. ठाणं म्हणे, यादी वरून येते. वरचे म्हणत, खालून येते. शेवटच्या खेपेला तिनं अर्ज टेबलावर आपटला. "म्या काय बाँब ठिवणारी दिसती का राव तुमाला?"

दोन वर्षांनी पारगावात वैजयंतीचं लग्न ठरलं. तारीख धरण्याआधी सोनीबाई ठाण्यात विचारायला गेली, त्या दिवशी कुणी मोठा माणूस येतोय का.

"आत्ताच कसं सांगणार?" हवालदार म्हणाला.

तिनं तीच तारीख धरली. लग्न पार पडलं, पण अक्षता पडेपर्यंत तिचं लक्ष रस्त्याकडंच होतं.