पाठ फिरवून बसणाऱ्या बाई

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. 'शिकवताना त्या खिडकीबाहेर बघत बसतात,' असं चाळीस वर्षांपूर्वी मीच घरोघर सांगितलं. ते ऐकून दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांची शिकवणी बंद केली. पुढे मला खरं कळलं, तरी मी माझे शब्द मागे घेतले नाहीत. ते आज घेतो.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. घरी सूर चुकला की मी ओरडायचो. त्यामुळे कुणी समोर असलं की तिच्या तोंडून आवाजच फुटत नसे. बाई पेटीवर तिला सूर देत आणि मग तिच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसत. ती चुकली तरी मान वळवत नसत. "असू दे गं, परत घे," एवढंच म्हणत.

एकदा मी दारातूनच विचारलं, "बाई, लक्ष कुठंय तुमचं? ती गप्प बसलीय!"

"तुम्ही आलात ना, म्हणून," त्या न वळताच म्हणाल्या. "इकडे या. खिडकीकडे तोंड करून बसा, आणि ही जुडी घ्या."

मी बसलो. अर्धी जुडी निवडून झाली तरी मागे शांतताच होती. बाईंना कसली म्हणून घाई नव्हती. मग हळूच सा लागला आणि त्यामागून अख्खी सरगम आली, न अडखळता. इतका मोकळा आवाज माझ्या घरात मी कधीच ऐकला नव्हता.

मी वळणार, तेवढ्यात बाईंनी मेथीची दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली.