भल्या माणसाची फणसपोळी

मांस घेण्याआधी ते त्यावर अंगठा दाबायचे. प्लास्टिकवरूनच, हलकेच, आणि मग वैद्याने नाडी बघावी तसे क्षणभर थांबायचे. "खड्डा भरून आला ना परत? मग ताजं. घाबरतोस काय, दाब!"

कॅनडात सस्काटूनला मी पोटॅशच्या खाणकंपनीत लागलो, तेव्हा हे तिथले निवृत्तीला आलेले इंजिनिअर होते. चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आलेले. गावातली पंचवीसेक मराठी घरं त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागलो. तुमच्याही गावात असे एक काका असतीलच. बीफ खायला मला त्यांनी शिकवलं आणि निवडायलाही त्यांनीच. चरबी पांढरी हवी, पिवळी नको. ट्रेमध्ये पाणी सुटलं असेल तर हात लावायचा नाही. "आणि रस्सा करायचा तर खांद्याचं घे. जिथे कष्ट झालेत तिथेच चव असते."

दर शनिवारी सकाळी आम्ही एका युक्रेनियन खाटकाकडे जायचो. नेहमी माझ्याच गाडीतून. याचा अर्थ मला फार उशिरा लागला. खाटीक गप्पिष्ट, आणि तिघांचा विषय ठरलेला, आई. त्याची आई पाहुणा दारात दिसला की पेरोगी, म्हणजे त्यांच्याकडच्या बटाटा भरलेल्या करंज्या, उकळायला टाकायची, नको म्हणणाऱ्याला बारा आणि हो म्हणणाऱ्याला वीस. काकांची आई, ताटावर आडवा हात धरला तर बोटांवरून तूप ओतायची. "माय मदर नेव्हर यूज्ड अ स्केल!" असं म्हणून काका वजनकाट्याकडे अशा काही नजरेने बघायचे की खाटीक हसत हसत सूपचं एक हाड फुकट टाकायचा.

त्यांची आई गेली तेव्हा त्यांना भारतात जाता आलं नव्हतं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खोटं नव्हतं असं मी आजही म्हणेन. म्हणून तर जास्त राग येतो.

त्या उन्हाळ्यात माझी आई चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आली. मी काय खातो याची तिला कल्पना नव्हती. तोड काकांनीच काढली. माझा वाटा त्यांच्या बेसमेंटमधल्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. प्रत्येक पुडक्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं. "वहिनींना कळता कामा नये. आईला दुखवू नये रे."

मग दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला. आई आग्रह करकरून वाढायची. "भाऊजी, लाजता काय, घ्या अजून एक घावन." निघताना हातात डबा असायचाच. ते दारात थांबून म्हणायचे, "वहिनी, माझी आई परत भेटली." आई दिवसभर खूश.

गणपती आले. मंडळाचे अध्यक्ष काकाच. नैवेद्याचे एकशे एक उकडीचे मोदक आईने अंगावर घेतले आणि फ्रोझन खोबऱ्याशी दोन दिवस झगडून ते केलेही. दरम्यान कुणीतरी खाटकाच्या दारात माझी गाडी ओळखली होती आणि बातमी मंडळात पोचली होती. मला पत्ता नाही. मी सकाळपासून हॉलमध्ये मखराला फुलं चिकटवत होतो.

आईला न्यायला घरी आलो, तर ती नवं लुगडं नेसून ओट्याशी उभी. मोदकांची ताटं झाकलेली.

"भाऊजी येऊन गेले. या घरचा नैवेद्य मंडळाला चालणार नाही म्हणाले."

"का, ते सांगितलं?"

"सांगितलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणाले, वहिनी, मी त्याला कितीदा समजावलं. मी तर त्या वस्तूला शिवतही नाही."

शिवतही नाही! आणि तो अंगठा कुणाचा होता?

सगळं ओकून टाकायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "परक्या देशात एक माणूस तुझ्या भल्याचं सांगतो, त्याचंही ऐकलं नाहीस." मी तोंड मिटलं. मुलाने फसवलं हे ती उभ्या उभ्या गिळत होती. तिच्या पंगतीला बसणाऱ्या भाऊजींनीही फसवलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? मी तरी कुठला हरिश्चंद्र लागून गेलो होतो. मोदक तिने बिल्डिंगमध्ये घरोघर वाटले.

आई परत गेली. मी शनिवारचं जाणं सोडलं. माझ्या नावाची पुडकी त्यांच्या फ्रीझरमध्येच राहिली. वाया नक्कीच गेली नसतील. हिवाळ्यात एकदा न राहवून दुकानात गेलो, तर खाटीक म्हणाला, "युवर फ्रेंड? ही कम्स ऑन ट्यूसडेज नाऊ."

जूनमध्ये गावाकडून आलेल्या कुणाबरोबर तरी आईने खाऊ पाठवला. त्यात फणसपोळीचं एक वेगळं पुडकं होतं. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी, 'भाऊजींना. भला माणूस, विसरू नकोस.'

मी मंगळवारी गेलो. काका ट्रेवर वाकून अंगठा दाबत होते. मी पुडकं त्या ट्रेशेजारी ठेवलं. "आईने पाठवलंय." खाटकाकडे बघून म्हणालो, "फ्रॉम माय मदर."

त्यांनी चिठ्ठी वाचली. अंगठा शर्टाला पुसला, मग पुन्हा पुसला. "वहिनींना सांग..." एवढंच म्हणाले. मी वाट पाहिली. काउंटरमागून खाटीक आनंदाने ओरडला, "फ्रॉम हिज मदर? सी? मदर्स!" काका पुडकं छातीशी धरून बाहेर पडले. ट्रे तिथेच राहिला.

त्यानंतर ते मंगळवारीही येईनासे झाले. खाटीक अजून विचारतो, मी खांदे उडवतो.

आईही फोनवर विचारतेच. "आवडली का रे भाऊजींना?"

"आवडली," मी म्हणतो.

"मग यंदा दुप्पट पाठवते."