किती दिवसांची सुट्टी

आमचे हे मिल्ट्रीतले. म्हातारपणी आम्ही कॅनडात मिल्टनला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा गावात चेष्टा झाली, मिल्ट्रीतून मिल्टनला. इथे बेसमेंटमध्ये हे आणि आमची नात घोड्यांचे जुने इंग्रजी सिनेमे बघत बसत.

एका शनिवारी मीही बसले. सिनेमातला शिपाई लढाई संपवून घरी येतो. बायको त्याला लांबून ओळखते आणि हातातलं टाकून पळत सुटते.

नातीने विचारलं, “आजी, आजोबा वॉरमधून आले तेव्हा डिड यू रन लाइक दॅट?”

“आमच्यात पळत नाहीत,” मी म्हणाले. “दारात थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, मग आत घेतलं.”

साफ खोटं. बांगलादेशच्या लढाईवरून हे आले तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. हे आले की मी दर वेळी पहिलं जे विचारायची, तेच विचारलं, “किती दिवसांची सुट्टी?” यांच्या पायात गोळी लागली होती. हातात काठी होती. दिसली नाही असं म्हणणार नाही. दिसली होती.

“कायमची,” हे म्हणाले. शेजारणी हसल्या. मीही हसले. टोपलीत भाकरी होती, पण मी उठले नाही.

हे सगळं माहीत असून यांनी नातीपुढे मान हलवली. “ओवाळला की. बाजरीची होती.”

वर आल्यावर मी म्हटलं, “खोटं कशाला बोललात?”

“खोटं तू बोललीस. मी साक्ष दिली.”

पुढच्या शनिवारी हे मुलाबरोबर ग्रोसरी घेऊन आले. नात ब्रेडची स्लाइस घेऊन दारात उभी. “आजोबा, स्टॉप!” तिने स्लाइस ओवाळून बर्फात भिरकावली, बुटांवर पेलाभर पाणी ओतलं. हे परेडला उभे राहावेत तसे ताठ. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “सुट्टी किती दिवसांची, विचार ना.”

“व्हॉट सुट्टी?” नात म्हणाली.

मी तिथेच तिला खरं ते सांगितलं. काठीसकट.

“बट व्हाय, आजी?”

मी खालीच बघत राहिले, यांच्या ओल्या बुटांकडे.

“आता आत घेता की नाही?” हे म्हणाले. “पाय गारठले.”